खालची तरी वाचू दे

गारा यायच्या आधी हवा एकाएकी गार होते आणि उन्हाने तापलेला पत्रा भिजल्यावर येतो तसा वास सुटतो. निफाडकडच्या कुठल्याही द्राक्षवाल्याच्या नाकात तो वास कायमचा बसलेला असतो. २०१४ च्या मार्चमध्ये तो आला तेव्हा मी माहेरी होते. थॉमसन जातीच्या द्राक्षांची बाग काढणीला आलेली, मण्यांत साखर उतरलेली, व्यापाऱ्याशी सौदा झालेला आणि परवा सकाळी गाडी लागायची होती. दुपारी चारच्या सुमाराला आभाळ काळं व्हायचं सोडून हिरवट झालं. माझे वडील, अण्णा, खाटेवरून उठले आणि चपला न घालताच बागेकडे निघाले. त्यांच्या मागे मीही धावले.

द्राक्षाच्या शेतकऱ्याकडे बहुतेक संकटांना काही ना काही उत्तर असतं. डाऊनी रोगाला औषध आहे, करप्याला आहे. पारा फार उतरला तर पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवता येतात, ठिबक सोडता येतं. अवकाळी पाऊस आला तर रात्री बारालासुद्धा ट्रॅक्टरला ब्लोअर जोडून फवारायला निघता येतं. गारेपुढे मात्र माणसाने नुसतं उभं राहायचं. आता काही जण बागेवर प्लास्टिकचं आच्छादन टाकतात, पण तेव्हा आमच्याकडे ते नव्हतं आणि परवडणारंही नव्हतं. आधी हरभऱ्याएवढ्या, मग बोराएवढ्या गारा पडू लागल्या. शेडच्या पत्र्यावर असा आवाज होत होता की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. तिकडे घरी आजीने अंगणात लोखंडी तवा पालथा फेकला होता, गारा थांबाव्यात म्हणून. आई स्वयंपाकघरातल्या कोनाड्यापुढे बसली होती. हे सगळं मला नंतर कळलं. मी अण्णांकडे बघत होते, कारण त्यांचे ओठ हलत होते.

मी कान त्यांच्या तोंडाजवळ नेला. ते म्हणत होते, "वाचू दे. खालची तरी वाचू दे."

खालची म्हणजे ओढ्याच्या अंगाची वीस गुंठे बाग. ती आमची नव्हती. भाऊबंदातल्या एका पोराने कर्ज काढून लावलेली, पहिलंच पीक घेत होता तो. आमची बाग डोळ्यांदेखत झोडपली जात होती, पानं फाटून घड उघडे पडत होते, मणी फुटून रस गळत होता, आणि अण्णांनी आमच्यासाठी तोंडातून अक्षर काढलं नाही. आमचं गेलं हे त्यांना पहिल्या पाच मिनिटांत कळलं असावं.

खालचीही वाचली नाही.

अण्णा नास्तिक होते. चारचौघांत मिरवण्यापुरते नव्हे, सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत. पणजोबांपासून आमच्या घराला सत्यशोधकी वळण. जोतीरावांनी १८७३ साली पुण्यात सत्यशोधक समाज काढला, त्याचे पडसाद आमच्या भागात खेड्यापाड्यांपर्यंत पोचले, आणि आमच्या घरातली लग्नं दोन पिढ्या भटजीवाचून लागली. पण जोतीरावांचा निर्मिकावर, म्हणजे सृष्टी घडवणाऱ्यावर, विश्वास होता. अण्णांचा त्याच्यावरही नव्हता. "जोतीरावांनी मधला दलाल काढला, मी मालकालाही सुट्टी दिली," असं ते म्हणायचे. बाजार समितीत आयुष्य गेलेल्या माणसाची भाषा होती ती. आईच्या कोनाड्याला मात्र त्यांनी कधी हात लावला नाही. तिथे तिच्या माहेरचा खंडोबाचा टाक होता, एक बाळकृष्ण होता. घर सारवताना अण्णाच तो कोनाडा पुसून द्यायचे आणि टाक होता तसा परत ठेवायचे.

गारपिटीनंतर आठवड्याभरात गावात एक वाक्य फिरायला लागलं. शेडखाली आमच्या मागे उभ्या असलेल्या कुणीतरी अण्णांचे ओठ हलताना पाहिले होते. "शेवटी अण्णालाही देव आठवला." पारावर, सलूनमध्ये, पंचनाम्याला आलेल्या तलाठ्यापुढेसुद्धा. मला या वाक्याचा तेव्हा राग आला आणि अजून येतो. माणूस पार हतबल झालेला असतो, त्याच्याजवळ दुसऱ्याचं भलं चिंतण्यापलीकडे काही उरलेलं नसतं, आणि ते उरलेलं एवढंसं उचलून तुम्ही आपल्या खात्यावर जमा करता? अण्णांनी कुणाला हाक मारली नव्हती. मी कान लावून ऐकलं होतं. मी त्यांना एकदा विचारलंही. ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "कुणाला म्हणालो नाही गं. हाताला काम नव्हतं, म्हणून तोंडाला आलं."

मी शाळेत मराठी शिकवते. आज्ञार्थाचा धडा दर वर्षी येतो. क्रियापदाच्या रूपावरून आज्ञा, विनंती, उपदेश, आशीर्वाद किंवा प्रार्थना कळत असेल तर तो आज्ञार्थ, असं मी वीस वर्षं फळ्यावर लिहीत आले. त्या वर्षी जूनमध्ये लिहिता लिहिता माझा हात थांबला. 'कर' म्हटलं की समोर तू असतोस. 'करा' म्हटलं की तुम्ही असता. पण तृतीय पुरुषातलं 'होवो', 'जावो', 'मिळो' कुणाला उद्देशून असतं? 'तो बरा होवो' या वाक्यात आज्ञा कुणाला आहे? त्याला नाही, कारण बरं होणं त्याच्या हातात नाही. ऐकणाऱ्यालाही नाही. वाक्यात देवाचं नाव घालायचं तर घाला, 'देव तुझं भलं करो'. पण तिथेही देव तृतीय पुरुषात आहे, त्याच्याशी कुणी बोलत नाही, त्याच्याविषयी बोलतंय. मराठीत प्रार्थनेचं एक अख्खं रूप असं आहे की त्याला ऐकणारा लागतच नाही. पसायदान विश्वात्मक देवापुढे ठेवलेलं आहे, पण त्याच्या ओळी कानात आठवून पाहा: सांडो, वाढो, पडो, जावो, पाहो, लाहो. मागणारा स्वतःकरता काही मागत नाही आणि मागण्याचा सूरही याचनेचा नाही. असं व्हावं, एवढंच.

अर्थात अण्णा 'वाचो' म्हणाले नव्हते. शेतातला माणूस 'वाचू दे' म्हणतो, आणि या 'दे'मध्ये तू दडलेला आहे हे मी व्याकरण शिकवणारी बाई नाकारू शकत नाही. दुष्काळात पोरं अंगाला लिंबाचा पाला बांधून दारोदार फिरतात आणि 'धोंडी धोंडी पाणी दे' म्हणतात, तेव्हा तो 'दे' धोंडीलाच असतो. पण मराठी माणूस दिवसातून दहा वेळा 'असू दे' म्हणतो, 'राहू दे' म्हणतो, 'जाऊ दे' म्हणतो. तिथे तरी कोण कुणाला सांगतं? पंचनामा झाल्यावर, तुटपुंजी भरपाई मिळणार हे कळल्यावर, अण्णा 'जाऊ दे' म्हणाले तेव्हा ते स्वतःलाच सांगत होते. झिजून झिजून या 'दे'मधला समोरचा माणूस कधीच निघून गेलाय, आणि त्याची जागा मात्र भाषेने मोकळी ठेवलीय. आस्तिकाला तिथे कुणी बसलेलं दिसतं. अण्णांना ती जागा रिकामी दिसायची. पण त्या जागेकडे तोंड करून दोघंही सारखंच बोलतात.

मला एका गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. मराठीचं व्याकरण १८३६ साली छापणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर आणि १८६७ मध्ये मुंबईत प्रार्थना समाज स्थापन करण्यात पुढे असलेले डॉ. आत्माराम पांडुरंग हे सख्खे भाऊ. एका भावाने भाषेची रूपं नीट लावून दिली, दुसऱ्याने मूर्ती बाजूला ठेवून प्रार्थना तेवढी ठेवली. गिरगावातल्या त्या चौकाला अजून लोक 'प्रार्थना समाज' म्हणतात आणि बसमधून उतरतात. समाजाची माणसं आस्तिक होती, तिथे निराकार का होईना पण ईश्वर होता. तरी मूर्ती काढल्यावर नावात ठेवण्याजोगं काय उरलं असं त्यांना वाटलं? प्रार्थनाच.

अण्णांच्या चळवळीतल्या मित्रांना हे पटत नसे. लहानपणीचे संस्कार आहेत, संकटात वर येतात, याहून त्यात काही नाही, असं त्यांचं म्हणणं. असेल. पण मातृभाषाही लहानपणीच लागते आणि ठेच लागली की तीच वर येते. तेवढ्याने ती खोटी ठरते का?

या मित्रांनाही मी जवळून पाहिलंय. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर तालुक्याच्या गावी एक सभा झाली. फलकावर 'श्रद्धांजली' लिहायला ठाम नकार होता, 'आदरांजली' लिहिलं होतं. शेवटी सगळे दोन मिनिटं उभे राहिले. मी अण्णांच्या शेजारी होते. हॉलमध्ये साठेक माणसं, बहुतेक नास्तिक, पंखे बंद केलेले, आणि जवळजवळ प्रत्येकाचे डोळे आपोआप मिटलेले. डोळे मिटा असं कुणीही सांगितलं नव्हतं. अण्णांच्या पापण्या हलत होत्या. त्या दोन मिनिटांत त्या साठ जणांच्या मनात काय चाललं होतं? कुणी मनात भाषण करत नव्हतं, एवढं मी शपथेवर सांगते. मेलेल्या माणसाला उद्देशून असेल, त्याच्या घरच्यांना बळ मिळो असं असेल, आपल्याला धीर राहो असं असेल. मला तरी त्या शांततेला दुसरं नाव सुचत नाही.

प्रार्थनेचा उपयोग होतो का, हा वाद आमच्या घरी वर्षातून दोनदा तरी व्हायचा. अण्णांकडे कात्रणं होती. १८७२ साली फ्रान्सिस गाल्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने हिशेब मांडला होता. इंग्लंडभरच्या चर्चमधून राजघराण्याच्या दीर्घायुष्यासाठी नेमाने प्रार्थना होते, तर राजघराण्यातली माणसं जास्त जगत असतील ना? त्याच्या कोष्टकात उलटं निघालं. सुखवस्तू लोकांमध्ये सगळ्यांत कमी जगणारी तीच होती. दुसरं कात्रण २००६ चं. अमेरिकेत बायपास झालेल्या १,८०२ रोग्यांवर अभ्यास झाला होता. त्यातल्या काहींसाठी परक्या लोकांनी रोज प्रार्थना केली, काहींसाठी केली नाही. फरक पडला नाही. उलट आपल्यासाठी प्रार्थना होतेय हे ज्यांना नक्की ठाऊक होतं, त्यांच्यात ऑपरेशननंतरची गुंतागुंत थोडी जास्तच आढळली.

हे कात्रण अण्णांनी मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा आई भाकरी थापत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "तुम्ही मोटरसायकल काढता तेव्हा मी 'सावकाश जा' म्हणते. गाडीचा वेग कमी होतो का त्याने?"

अण्णा म्हणाले, "नाही."

"मग उद्यापासून म्हणू नको?"

अण्णांनी कात्रण घडी करून ठेवलं. दुसऱ्या दिवशी बाजाराला निघताना ते दारात जरा रेंगाळले, आई 'सावकाश जा' म्हणेपर्यंत. आणि निघताना 'येतो' म्हणाले. 'जातो' म्हणायचं नाही हे तेही पाळत असत, सगळी मराठी माणसं पाळतात तसंच. आईचा समज असा की वास्तू सतत 'तथास्तु' म्हणत असते, म्हणून घरात वाईट बोलू नये. अण्णांच्या मते आढ्याला पाली सोडून कुणी नव्हतं. पण वाईट तेही बोलत नसत.

आजी बोलायची. तिच्या तोंडी तोच आज्ञार्थ शापाला यायचा. बांध कोरणाऱ्या शेजाऱ्याला ती 'डोळे फुटोत मेल्याचे' म्हणायची, आणि संध्याकाळी त्याच्याच तापाने फणफणलेल्या नातवाला पाहून 'लेकरू बरं होवो' म्हणायची. दोन्ही मनापासून. शापसुद्धा ऐकणाऱ्यावाचून चालतो, हे मी तिच्याकडून शिकले.

२०१९ च्या सप्टेंबरमध्ये अण्णांना अर्धांगाचा झटका आला. नाशिकच्या एका रुग्णालयात चार दिवस होते, शुद्धीवर आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी आईने कनवटीची कागदाची पुडी काढली. जेजुरीचा भंडारा. भावाने माझ्याकडे पाहिलं, मी भावाकडे. नर्सने पाच मिनिटांसाठी आत सोडलं होतं. आईने चिमटीत भंडारा घेतला, हात अण्णांच्या कपाळापर्यंत नेला आणि तिथेच थांबली. चिमूट पिवळी झाली होती आणि बोटं थरथरत होती.

"त्यांना आवडायचं नाही," ती म्हणाली. विचारत होती की सांगत होती, कळेना.

मी काही बोलले नाही. मला वाटत होतं, लाव. लावून टाक, काय बिघडतंय, त्यांना कळणार आहे थोडंच? आणि नेमकं तेच तिला खुपत होतं. त्यांना कळणार नव्हतं म्हणूनच तिला लावता येईना. "जागे असते तर भांडून लावला असता," ती म्हणाली. मग ती चिमूट तिने स्वतःच्या कपाळाला लावली आणि वाकून ते कपाळ त्यांच्या सलाईनच्या सुईशेजारी, हाताच्या पंजावर टेकलं. थोडा वेळ तशीच राहिली. उठली तेव्हा पंजावर पुसटसा पिवळा डाग उमटला होता. तो तिने पदराने पुसला नाही, पण मुद्दाम ठेवलाही नाही. तिला बहुतेक दिसलाच नाही.

देवाच्या बाबतीत मी अण्णांचीच मुलगी. त्या रात्री बाहेरच्या बाकड्यावर बसून 'बरे होवोत' असं म्हणून पाहिलं, माझ्या लाडक्या तृतीय पुरुषात. म्हणवेना. व्याकरणाने दिलेलं ते सगळं ऐसपैस रूप त्या रात्री मला पुरलं नाही. जे तोंडून निघालं ते सरळ समोरच्याला होतं, "जाऊ नका." पुन्हा पुन्हा तेच. कुणाला म्हणत होते याचा मी पुढे खूप विचार केला, कारण स्वतःशी खोटं बोलायचं नाही हे त्यांनीच शिकवलं होतं. मी अण्णांनाच म्हणत होते. भिंतीपलीकडे निजलेल्या, ऐकू न येणाऱ्या माणसाला. न ऐकणाऱ्याशी बोलणं मला त्या रात्री मुळीच विचित्र वाटलं नाही, आणि तेव्हापासून आईचं कोनाड्याशी बोलणंही वाटत नाही. तिच्या देवावर माझा विश्वास बसला नाही. तिचा आवाज तेवढा ओळखीचा झाला.

देहदानाचा फॉर्म अण्णांनी दहा वर्षं आधीच भरून ठेवला होता. ते गेले त्या रात्रीच नेत्रपेढीचे लोक येऊन डोळे घेऊन गेले. सकाळी देह तासभर घरी आणला, मग वैद्यकीय महाविद्यालयाकडे न्यायचा होता. अंगणात गाव जमलं होतं आणि कुणालाच हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. मडकं नाही, तिरडी नाही, पाणी फिरवायचं नाही. अंत्यविधी माणसांना किती कामाला लावतात ते त्या दिवशी कळलं. अण्णांचे एक जुने मित्र येवल्याहून आले होते, निवृत्त एसटी कंडक्टर. त्याच येवल्यात १९३५ साली बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, आणि १९५६ मध्ये नागपूरला या काकांचे वडील दीक्षेला गेले होते. काका पुढे झाले, आईला विचारलं, "वहिनी, मी दोन शब्द म्हणू का? यात देव नाही." आईने मान हलवली. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "भवतु सब्ब मंगलं." तीनदा. भवतु म्हणजे होवो. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या पालीतही तेच रूप, तोच तृतीय पुरुष, आणि ऐकणारा कुणी नाही. अंगणात चाळवाचाळव होत होती ती थांबली. तिसऱ्या वेळी चार-दोन आवाज त्यांच्यात मिसळले.

मग रुग्णवाहिकेचं दार लागलं. आई ड्रायव्हरच्या खिडकीशी गेली. पोरगेलासा मुलगा होता तो. काच खाली करून तो ऐकू लागला. त्याला वाटलं पत्ता सांगायचा असेल.

"सावकाश जा रे बाबा," आई म्हणाली.

छाटणी कुणासाठी थांबत नाही. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात भावाने गोडी छाटणी घेतली आणि मी मदतीला गेले. काडी छाटली की तिच्यावर राखलेल्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटायच्या जागांना, पेस्ट लावतात. औषध जहाल असतं, हातमोजे घालावे लागतात. कुठला डोळा लावला, कुठला राहिला ते दिसावं म्हणून त्यात लाल रंग कालवतात. दुपारपर्यंत सगळी बाग लाल टिकल्यांची झाली. मंडपावर एक पान नाही, नुसत्या काड्या, आणि एकेका काडीवर लाल ठिपके. ते सगळे एकदम आणि सारखे फुटले तरच पुढचं वर्ष सरळ जातं. अण्णा असते तर शेवटच्या ओळीपर्यंत जाऊन परत आले असते, राहिलेला एखादा डोळा शोधत.

भावाने शेवटची ओळ संपवली, हातमोजे काढले, आभाळाकडे पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं.

"फुटू दे आता सगळे डोळे," तो म्हणाला.

मी रंगाची बादली उचलली आणि त्याच्या मागोमाग वेलींच्या आडव्या ओलांड्याखालून वाकून निघाले.

"फुटोत," मी म्हणाले.